लोकांनी एकमेकांशी बोलावं असं ऑफिस हवंय? आधी पँट्रीची जागा ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाणेरला ६० जणांचं सॉफ्टवेअर ऑफिस करायचंय. एक तर ६,००० चौरस फुटांचा सलग मजला, नाहीतर त्याच इमारतीत जरा कमी भाड्यात दोन अर्धे मजले. टीम आपापल्यातच राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत ही तक्रार. म्हणून तुमचे पार्टनर म्हणतायत की सगळ्या केबिन काढून मोकळा हॉल करू, बीन बॅग आणि टेबल टेनिस ठेवू. पुण्यात ऑफिसांची इंटिरियर करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यावरून सांगते.

भाड्यातला फरक झेपत असेल तर डोळे झाकून एकच मजला घ्या. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी संशोधन करणारे इंजिनियर कोणाशी किती वेळा बोलतात हे मोजलं होतं. १९७७ साली त्यांचं पुस्तक आलं. बसण्याच्या जागांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घसरतं आणि साधारण ५० मीटरच्या पुढे जवळपास थांबतंच, असं त्यांना दिसलं. तुमच्या एका मजल्यात या टोकापासून त्या टोकापर्यंतही एवढं अंतर भरणार नाही, त्यामुळे ती काळजी मिटली. जिना मात्र मीटरात मोजू नका. 'अरे, एक मिनिट विचारायचं होतं' एवढ्यासाठी कोणी लिफ्टची वाट बघत नाही, मेसेज टाकून मोकळा होतो. दोन मजलेच पदरात पडले, तर पँट्री एकावर आणि मोठी मीटिंग रूम दुसऱ्यावर ठेवा, म्हणजे सगळ्यांना वर-खाली करावंच लागेल. पहिला महिना लोक शिव्या घालतील, घालू द्या.

आता मोकळा हॉल. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं तपासली, तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांच्या गळ्यात सेन्सर घालून, भिंती पाडण्याआधी आणि पाडल्यानंतर समोरासमोरचं बोलणं मोजलं. ते वाढलं नाही, उलट सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल, चॅट वाढले. मला यात नवल वाटत नाही. पाठीमागून कोण स्क्रीन बघतंय याचा भरवसा नसला की माणूस हेडफोन चढवतो, आणि हेडफोनवाल्याला हाक मारणं आपल्याला अवघड वाटतं. केबिन काढायच्या तर खुशाल काढा, पण प्रत्येकाच्या पाठीला काहीतरी आडोसा द्या: भिंत, चार फुटी स्टोरेज, निदान कुंड्यांची रांग. सहा-आठ जणांचे कोपरे करा. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला अशी वर्गासारखी रांग तेवढी नको.

खरा खेळ पँट्रीचा आहे. डिझायनर मंडळी ती हमखास मागच्या कोपऱ्यात ढकलतात, कारण तिथे प्लंबिंगची लाइन जवळ पडते आणि रिसेप्शनवरून खरकटी भांडी दिसत नाहीत. तुम्ही हट्ट धरा की ती दरवाजा आणि बसायच्या जागा यांच्या मध्ये हवी, टॉयलेटला जायच्या वाटेवर. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीचं ऑफिस बांधताना स्टीव्ह जॉब्जना म्हणे सगळी टॉयलेट मधल्या चौकातच हवी होती, लोकांनी आपटाआपटी केल्यावर ते बारगळलं. आपल्याकडे तो वादच नाही, बिल्डरने टॉयलेट लिफ्टशेजारी आधीच बांधून ठेवलेली असतात. आयती मिळालेली ती गोष्ट वापरा.

आणि पँट्रीत थांबायला कारण हवं. कॉफी मशीन एकच ठेवा, दोन नकोत. कप भरेपर्यंत जो अर्धा-पाऊण मिनिट जातो, त्यात मागचा माणूस 'तुमचं रिलीज झालं का?' विचारतो. आपल्याकडे याहून भारी गोष्ट आहे ती डब्याची. सव्वा वाजता मायक्रोवेव्हपुढे रांग लागते, हातात उघडे डबे, आणि कोणाची भेंडी, कोणाची मटकीची उसळ यावरून अनोळखी माणसंही बोलायला लागतात. इथे चार-चार खुर्च्यांची कॅफेसारखी टेबलं घेतलीत की संपलं. चौघं एकाच टीमचे उठणार आणि एकाच टेबलावर बसणार. त्याऐवजी बारा-चौदा जणांचं एक लांब टेबल करा. उशिरा आलेल्याला जिथे खुर्ची रिकामी तिथे बसावं लागतं, मग टेस्टिंगवाल्याशेजारी अकाउंट्सच्या मॅडम येतात. टेबलाला लॅमिनेट लावा, वेनियर (खऱ्या लाकडाचा पातळ थर) नको. हळदीचा डाग वेनियरवर आयुष्यभर राहतो.

वाटेबद्दल. आपले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी (१९२७ साली पुण्यात, फर्निचर करणाऱ्या घरात जन्मलेले) यांनी बंगळूरच्या आयआयएममध्ये कॉरिडॉर नुसते जाण्या-येण्यापुरते ठेवले नाहीत. रुंद, अर्धे उघडे, जागोजागी टेकायला जागा, म्हणजे तास संपला तरी चर्चा संपू नये. तेवढी ऐसपैस जागा तुमच्याकडे नाही, पण युक्ती तीच. चार फुटांच्या पॅसेजमध्ये दोघं बोलत उभे राहिले की तिसऱ्याला 'एक्स्क्यूज मी' म्हणावं लागतं आणि गप्पा तुटतात. सहा फूट ठेवलात तर तो बाजूने जातो, कदाचित थांबतोही. कडेला कोपर टेकवायला साडेतीन फूट उंचीवर नऊ इंची फळी आणि तिच्यावर लिहायला बॅक-पेंटेड (मागून रंग दिलेली) काच, बस. स्टूल ठेवू नका, फायर एक्झिटच्या वाटेवर तर मुळीच नाही. मार्कर चालू आहेत ना हे बघायचं काम ॲडमिनमधल्या एका माणसाला नाव घेऊन सांगा. वाळलेल्या मार्करचा बोर्ड आठवड्यात नोटीस बोर्ड होतो.

गणेशखिंडीतली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था पाहिली नसेल तर विज्ञान दिनाला जाऊन या. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी मधल्या कुंडाभोवती मांडणी कशी केलीय ते चालून बघा, फोटोत कळत नाही.

चहाच्या टपरीचं म्हणाल तर तिच्याशी स्पर्धा करू नका. ऑफिसात रंगवलेली खोटी टपरी, कटिंगचे ग्लास आणि भिंतीवर रिक्षाचं चित्र मी अनेक ठिकाणी पाहिलंय आणि तिथे शुकशुकाट असतो. लोक खाली अमृततुल्यला जातात ते चहासाठी थोडंच? तिथे साहेब नसतात म्हणून जातात. जाऊ द्या. फक्त येताना वाट पँट्रीवरून असू द्या.

बोलण्याइतकीच न बोलण्याचीही सोय लागते, आणि बजेट आटलं की आधी तिलाच कात्री लागते. तुमचे क्लायंट अमेरिकेतले असतील तर संध्याकाळी सहानंतर निम्मं ऑफिस कॉलवर असणार. ६० जणांना पाच-सहा फोन बूथ हवेतच, शिवाय चौघांच्या दोन बंद खोल्या. बूथला एसीची हवा किंवा एक्झॉस्ट दिलाय का हे ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारा. नसेल तर दहा मिनिटांत आत घुसमटतं, लोक दार उघडं ठेवून बोलतात आणि बूथचा सगळा खर्च पाण्यात. हॉलच्या छताला अकॉस्टिक (आवाज शोषणाऱ्या) टाइल लावा. उघडं काँक्रीट छत फोटोत छान दिसतं, पण आवाज घुमतो.

बीन बॅगमध्ये बसलेला माणूस उठू शकत नाही, एवढंच त्याबद्दल. टेबल टेनिस ठेवायचंच असेल तर काम चालतं तिथून लांब.

आणि हे सगळं करूनही हायब्रिडमध्ये एक टीम सोमवारी आणि दुसरी गुरुवारी येणार असेल तर कोण कोणाला भेटणार? आठवड्यातले दोन दिवस सगळ्यांचे सारखे ठेवा, हे इंटिरियरवाल्याच्या हातात नाही, तुमच्या आहे.

मजल्याचा प्लॅन टाका. त्यात टॉयलेट, प्लंबिंगचा शाफ्ट, फायर एक्झिट आणि खिडक्या कुठे आहेत ते दाखवा, म्हणजे पँट्री कुठे बसते ते सांगते.