विचारा, सांगतो : खाणगाडीचा रोलर कोस्टर

उन्हाळी सुट्टी आली की सहलीची पत्रं येतात. या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत : खाणीतल्या रेल्वेसारखा दिसणारा, डोंगर-बोगद्यांतून धावणारा रोलर कोस्टर. आपल्या राज्यात खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कात ‘गोल्ड रश एक्सप्रेस’ त्याच थाटाची आहे. निवडक प्रश्न घेतले आहेत.

आम्ही इन्क्लाइनमध्ये, म्हणजे खाणीच्या उतरत्या वाटेत, हॉलेज यंत्राच्या दोरानं टब (कोळशाचे डबे) ओढायचो. नातू म्हणतो, पार्कात तशीच गाडी असते. तिला इंजिन असतं का? आणि चढावर दोर तुटला तर?
*– वेकोलितून (वेस्टर्न कोलफिल्ड्स) निवृत्त वाचक, वणी*

पुढे इंजिन दिसतं, पण ते सोंग असतं. गाडी चढावर साखळीनं जाते आणि पुढे निव्वळ स्वतःच्या वजनानं पळते. डब्याखालचा आकडा रुळांमधल्या फिरत्या साखळीत अडकतो, माथ्यावर आपोआप सुटतो. 10 मीटरच्या उतारानं ताशी साधारण 50 किलोमीटर वेग मिळतो, 15 मीटरनं 60 च्या थोडा वर. उंची दीडपट केली म्हणून वेग दीडपट होत नाही. शिवाय वळणांत आणि चाकांच्या घर्षणात वेग झिजतो, म्हणून खाणगाडीला एक मोठा चढ देण्याऐवजी दोन-तीन लहान चढ देतात.

साखळी तुटण्याची भीती तुम्हाला वाटणारच, कारण चढणाऱ्या टबांच्या मागे बॅकस्टे, म्हणजे टब मागे घसरू न देणारा लोखंडी दांडा, का लावायचा ते तुम्ही जाणता. इथंही तीच युक्ती आहे. चढाच्या कडेनं करवतीसारखी दातेरी पट्टी असते आणि डब्याखाली लोखंडी खटका. गाडी वर जाताना खटका एकेका दात्यावरून उडी मारतो. चढावर ऐकू येणारं टक्-टक् तेच. साखळी गेली तर गाडी एखादा दाता मागे सरकून तिथंच अडकते.

आणि हा खेळ तुमच्याच धंद्यातून निघाला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मॉक चंक इथं 1827 मध्ये कोळशाचे डबे डोंगरावरून उतारानं खाली सोडायला सुरुवात झाली. रिकामे डबे वर ओढायला खेचरं होती, ती उतरताना त्याच गाडीत उभी राहून यायची. पुढे वर नेण्याचं काम वाफेच्या इंजिनांकडे गेलं आणि चढांवर दातेरी खटका बसला. 1872 मध्ये कोळसा दुसऱ्या मार्गानं जाऊ लागला तरी हौशी प्रवाशांसाठी गाडी 1933 पर्यंत चालली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1884 मध्ये तशीच उतारानं धावणारी, 5 सेंटात फेरी देणारी गाडी आली. आजच्या पोलादी नळीच्या रुळांवरची पहिली ‘रनअवे माइन ट्रेन’ टेक्सासच्या पार्कात 1966 मध्ये धावली. डिस्नेलँडची ‘बिग थंडर माउंटन रेलरोड’ 1979 ची.

टबाशी एक फरक मात्र मोठा. तुमचा टब रुळावर नुसता ठेवलेला असे, म्हणून घसरायचा. इथं रुळाच्या वर वजन पेलणारं चाक, कुशीला दिशा देणारं चाक आणि खालून तिसरं चाक असतं. रूळ तिन्ही बाजूंनी धरलेला असल्यामुळे माथ्यावर गाडी उचलली गेली तरी सुटत नाही.

मुलगा 6 वर्षांचा आहे. त्याचे बाबा अंगानं चांगले जाड आहेत, त्यांच्याजवळ बसवू का? मांडीवरचा बार किती घट्ट हवा?
*– वाचक, दारव्हा*

आधी उंची बघा, वय नाही. गेटवरच्या पट्टीला डोकं लागलं नाही तर हुज्जत घालू नका. ती पट्टी मूल घाबरेल म्हणून नसते. बार मांडीवर नीट बसेल की नाही, हे ती सांगते. बार दोघांत एकच असेल तर तो जाड मांडीवर येऊन थांबतो आणि शेजारच्या बारक्या पोराच्या मांडीवर पोकळी राहते. अशा गाडीत त्याला सडपातळ माणसाजवळ बसवा. स्वतंत्र बार असेल तर बाबा चालतील.

बसताना कंबर पाठीला टेकवा, मग बार ओढा. तो पोटावर नाही, मांडी जिथं मुडते तिथं आला पाहिजे. खिशात मोबाइल किंवा किल्ल्यांचा जुडगा असेल तर बार बोटभर आधीच थांबतो. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. पोर रांगेतच रडू लागलं तर परत फिरा.

मागच्या डब्यात जास्त झटका लागतो असं मित्र म्हणतात. पूर्ण गाडीचा वेग तर एकच असतो ना?
*– अकरावीचा विद्यार्थी, आर्वी*

वेग एकच, पण तुम्ही माथ्यावर कोणत्या वेळी असता ते वेगळं. विहिरीच्या काठावरून दोर सोडून बघा. थोडाच लोंबत असेल तर दोर जागच्या जागी असतो. लोंबता भाग जड झाला की दोर घसरतो आणि शेवटचं टोक सपकन् जातं. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा मागची गाडी अजून चढावर असते, म्हणून तो रेंगाळतो. शेवटचा डबा माथ्यावर येतो तेव्हा पुढचे डबे उतारावर पळत असतात, आणि तो ओढला जातो. पुढे बसलात तर नजारा, मागे बसलात तर पोटात गोळा. पहिल्यांदा बसणाऱ्यानं मधला डबा घ्यावा.

सकाळची पहिली फेरी सुस्त आणि दुपारची चपळ वाटली तर तोही भ्रम नाही. बेअरिंगमधलं ग्रीस उन्हानं आणि फिरण्यानं पातळ झालेलं असतं. आणि डोक्यावर आदळेल असं वाटणारा तो लाकडी खांब? हात वर केला तरी लागणार नाही इतकी जागा सोडूनच तो बसवलेला असतो.

एसटीत घाटातही मला उलटी होते. बसू का?
*– वाचक, मेहकर*

उपाशी नको, भरल्या पोटीही नको. दीड-दोन तास आधी हलकं खा. झुणका-भाकर आणि ठेचा नंतर. डोळे मिटू नका, पुढच्या वळणाकडे बघा. डोळे आणि कान (शरीराचा तोल कानाच्या आतून कळतो) वेगवेगळं सांगू लागले की मळमळ होते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून. गरोदर बाई, हृदयाचा आजार, मान-पाठीचं दुखणं, नुकतंच ऑपरेशन : यांनी खाली उभं राहून पिशव्या सांभाळाव्या.

एका पार्कात आमची गाडी चढावरच थांबली. 20 मिनिटं कोणी काही सांगेना. बिघाड होता का?
*– वाचक, रामटेक*

कोणी बोललं नाही, ही चूकच. पण थांबणं म्हणजे बहुधा सावधगिरी. पूर्ण मार्ग तुकड्यांत वाटलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढची गाडी हलली नाही, फलाटावर कोणाला बसायला वेळ लागला किंवा सेन्सरला शंका आली, की मागची साखळी आपोआप थांबते. अशा वेळी बारशी झटापट करू नका. उतरवायचं ठरलं तर कर्मचारी कडेच्या पायऱ्यांनी येतील आणि एकेक बार स्वतः उघडतील.

मार्कंड्याच्या यात्रेत पोरं ड्रॅगन ट्रेनसाठी (जत्रेतला लहान रोलर कोस्टर) हट्ट धरतात. भरवसा ठेवावा का?
*– वाचक, चामोर्शी*

पार्कातल्या गाडीपेक्षा हिच्याकडे जास्त बारकाईनं बघा. ही चार दिवसांसाठी उभी होते. आधी पायाखाली वाका : लोखंडी पायांखाली रुंद लाकडी ठोकळे हवेत. विटा, दगड रचलेले असतील तर नको. नदीकाठची वाळू पायाखालून सरकते. काळ्या मातीच्या रानात तर एका पावसानं एक बाजू बसते. मग रुळाचे सांधे बघा. प्रत्येक पिनेला क्लिप हवी, खिळा किंवा तार नाही. एक फेरी नुसती ऐका. एकाच जागी दर वेळी ठक् वाजत असेल तर तिथला सांधा वरखाली झालेला आहे.

अशा काही गाड्यांत मोटर गाडीतच असते आणि वीज रुळालगतच्या पट्टीतून येते. म्हणून पडलेली चप्पल आणायला रुळात उतरायचं नाही. जनरेटरपासून जमिनीत गाडलेली अर्थिंगची तार दिसते का तेही बघा. लॅच तुटलेला बार दोरीनं बांधला असेल, किंवा चालवणाऱ्याचा हात बटणाऐवजी मोबाइलवर असेल, तर पोराला गुळपट्टी घेऊन द्या आणि पुढे चला.

साडीत बसता येतं का?
*– वाचक, देवरी*

येतं. पदर खोचून घ्या, केस बांधा, चप्पल खाली ठेवा. घरधन्याचा दुपट्टाही गळ्यातून काढून पिशवीत. चष्म्याला मागून दोरी.

गोंदियाहून खोपोलीच्या इमॅजिकाकडे जायचं कसं?
*– तेच वाचक*

विदर्भ एक्सप्रेसनं कल्याणला उतरा. तिथून खोपोलीची लोकल. ती नसेल तर कर्जतची धरून कर्जतला गाडी बदला. खोपोलीच्या फेऱ्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ उतरल्या-उतरल्या फलाटावरच लिहून घ्या.