उत्तर: इन्स्टॉल फसलं की कुकीकटर अख्खं फोल्डर का पुसतो

कुकीकटर म्हणजे टेम्पलेटवरून (साच्यावरून) नव्या प्रोजेक्टचं फोल्डर बनवणारं साधन. तुमच्या टेम्पलेटमधला हुक, म्हणजे आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या कमांडने) इन्स्टॉल करतो. त्याबद्दल तुम्ही लिहिलंय, "फाइल्स तयार होतात, मग पिप अडकतो आणि शेवटी फोल्डरच दिसत नाही. घरी मात्र सगळं नीट चालतं." दोन वर्षांपूर्वी मी हेच, जवळजवळ याच शब्दांत, चार लोकांना विचारत फिरत होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. हुक कुठे ठेवायचा वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

फोल्डर नेटवर्क पुसत नाही, कुकीकटर पुसतो. पोस्ट-जेन हुक (फाइल्स तयार झाल्यावर चालणारा) शून्याऐवजी दुसऱ्या कोडने संपला (शून्य म्हणजे सगळं ठीक) की प्रोजेक्ट बनलाच नाही असं तो धरतो आणि नुकतंच केलेलं फोल्डर काढून टाकतो. तुम्ही टाकलेल्या हुकमध्ये सबप्रोसेसच्या रनला (पायथनमधून दुसरी कमांड चालवायची सोय) चेक=ट्रू दिलंय, म्हणजे कमांड फसली की एक्सेप्शन येतं. पिपला पॅकेज मिळालं नाही, एक्सेप्शन आलं, हुक पडला आणि सगळं साफ झालं.

माझी चूक याच्या एक पाऊल पुढची होती. एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलांची कार्यशाळा होती, टेम्पलेट माझंच. सगळ्यांनी एकदम कमांड दिली आणि एकाच्याही मशीनवर फोल्डर उरलं नाही. इन्स्टॉलचा लॉग मी प्रोजेक्टच्याच फोल्डरात लिहीत होतो, त्यामुळे फोल्डरबरोबर तोही गेला. नेटवर्क सांभाळणाऱ्या कचेरीत गेलो तर उत्तर मिळालं, "लॉग जोडा, त्याशिवाय तक्रार घेता येत नाही." लॉग नाही म्हटल्यावर तक्रार बंद. पुन्हा नोंदवली, पुन्हा बंद. असे तीन आठवडे गेले. त्यांची प्रॉक्सी (सगळं इंटरनेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर) साइटच्या सर्टिफिकेटऐवजी (ओळखीच्या दाखल्याऐवजी) स्वतःचं सर्टिफिकेट लावते, एवढं एक वाक्य हवं होतं. ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण कुणी सांगितलं नाही. काही मुलं पहाटेची एसटी पकडून आली होती, त्यांचा अख्खा दिवस वाया गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा आधी लॉग प्रोजेक्टच्या बाहेर काढा, होम फोल्डरात किंवा टेम्पमध्ये. मग चेक काढून रिटर्न कोड स्वतः बघा. इन्स्टॉल फसलं तर कुठली कमांड नंतर चालवायची ते स्क्रीनवर छापा आणि हुक शून्यानेच संपवा. तपास चालू असेपर्यंत कुकीकटर --कीप-प्रोजेक्ट-ऑन-फेल्युअर (फसलं तरी फोल्डर ठेव) लावून चालवा, नव्या आवृत्त्यांत तो पर्याय आहे.

माझं मत विचाराल तर टेम्पलेटने न विचारता इन्स्टॉल करूच नये. प्रश्न विचारावा आणि आधीच निवडलेलं उत्तर 'नाही' असावं. वेब प्रोजेक्ट बनवणारी अशीच साधनं बघा: क्रिएट-व्हीट कित्येक वर्षं नुसत्या पुढच्या कमांड दाखवून थांबायचं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. क्रिएट-नेक्स्ट-ॲप इन्स्टॉल करतं, पण --स्किप-इन्स्टॉलची सोयही देतं. मोठ्या टीममध्ये, जिथे सगळ्यांची मशीन एकसारखी असतात, तिथे याउलट मत असू शकतं. मी तशा ठिकाणी काम केलेलं नाही.

तुमच्या हुकमध्ये आणखी एक गोष्ट खटकली. सिस-एक्झिक्युटेबलने (हुक ज्या पायथनवर चालतोय तो) पिप चालवता, तो कुकीकटरचा स्वतःचा पायथन असतो. कुकीकटर पिपएक्सने (प्रत्येक साधन वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवणारी कमांड) टाकला असेल तर पॅकेजेस त्याच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये जातील आणि नवा प्रोजेक्ट रिकामा राहील. आधी व्हीएनव्ही (प्रोजेक्टचं स्वतःचं वेगळं पायथन एन्व्हायर्नमेंट) बनवा, मग त्यातल्या पायथनने पिप चालवा.

आता सर्टिफिकेट. ब्राउझर चालतो पण पिप नाही, असं होतं कारण पिप पूर्वी स्वतःचीच सर्टिफिकेट यादी वापरायचा. २४.२ पासून, पायथन ३.१० किंवा पुढचं असेल तर, तो सिस्टिमची यादीही बघतो. पण सावध राहा: नव्या व्हीएनव्हीत पायथनबरोबर आलेला पिप बसतो, आणि तो जुना असू शकतो. बाहेरचा पिप अपग्रेड करून मी दोन दिवस "तरी का चालत नाही" म्हणत बसलो होतो. कचेरीकडून सर्टिफिकेटची फाइल मिळाली तर पिप_सर्ट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिचा पत्ता द्या. फ्रंटएंडच्या एनपीएमसाठी (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारी कमांड) नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स.

वर एकांनी पिपला --ट्रस्टेड-होस्ट (या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासू नको) द्यायला सुचवलंय. कृपया ते टेम्पलेटमध्ये घालू नका. तुमच्या एका मशीनची अडचण सुटेल, पण सर्टिफिकेटची तपासणी टेम्पलेट वापरणाऱ्या प्रत्येकाकडे बंद होईल, आणि त्यांना ते कळणारही नाही.

विंडोजवर एनपीएम सापडत नाही असं कुणी म्हणालं तर नाव थेट न देता शटिल या पायथन मॉड्यूलच्या व्हिचने पूर्ण पत्ता काढा. तिथे ती .सीएमडी फाइल असते.

लॉग बाहेर काढलात की पिपच्या एररची पहिली ओळ इथे टाका. एसएसएल दिसलं तर सर्टिफिकेट, ४०७ दिसलं तर प्रॉक्सीला लॉगिन हवंय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि कचेरीत जाताना तीच ओळ कागदावर छापून न्या.