इंग्लंडमधल्या शेताची जुनी हेज, म्हणजे कडेची झुडपांची रांग, वाकवून जिवंत कुंपण होतं का, की सरळ तार मारून मोकळं व्हावं?

तार मारून मोकळं होऊ नका. तुम्ही लिहिलंय की हॉथॉर्न, म्हणजे हेजमधलं काटेरी झुडूप, १०-१२ फूट उंच गेलाय, खाली नुसते बुंधे उरलेत आणि मेंढ्या आरपार जातात, म्हणजे हेज संपली का. संपलेली नाही हो, उलट लेइंगला, म्हणजे बुंधे बुडाशी अर्धवट कापून आडवे वाकवायला, आलीये. आणि उपटायचा विचार असेल तर १९९७ च्या नियमांप्रमाणे आधी कौन्सिलला कळवावं लागतं, हे माहीत असू द्या.

आमची अगदी अशीच होती. लेस्टरशायरमध्ये मी, नवरा आणि दीर असं मिळून छोटं रान घेतलं, एका कडेला ६० मीटर हेज, पलीकडे शेजाऱ्याची गुरं. भाऊजींचं पहिल्या दिवसापासून एकच, हे मेलंय, जाळी मारा. मी दोन दिवस एका म्हाताऱ्या माणसाच्या हाताखाली शिकून आले आणि जानेवारीत बिलहूक, म्हणजे इथला कोयताच, घेऊन एकटीने सुरुवात केली. पहिलाच बुंधा काडकन मोडला. भाऊजी शेजारीच उभे. "सांगितलं नव्हतं का वहिनी?" एवढंच म्हणाले, पण मला ते अजून ऐकू येतं.

मोडला कारण मी घाबरून कमी कापला होता. जास्त कापलं तर झाड मरेल असं वाटतं म्हणून माणूस अर्धाच कापतो आणि मग ओढत बसतो, तो फाटतो नाहीतर तुटतो. काप बुंध्याच्या जाडीच्या तिप्पट-चौपट लांब हवा, वरून तिरका, पार जमिनीजवळ नेलेला. शेवटी साल आणि तिच्या लगतचं थोडं ओलं लाकूड, एवढीच पट्टी उरली पाहिजे. मनगटाएवढ्या बुंध्याला माझी पट्टी आता करंगळीहून बारीक असते, बाजूला पांढरंशुभ्र उघडं लाकूड दिसतं आणि हाताने नुसतं टेकवलं की बुंधा आपणहून कलंडतो. पाणी वर चढतं ते या सालीलगतच्या लाकडातूनच, मधला गाभा फक्त आधाराला. उतार असेल तर शेंडे चढाकडे करायचे. मागे जो खुंट राहतो तो तिरका छाटायचा म्हणजे पाणी साचत नाही, कारण खरी नवी फूट तिथून येते, आडवे केलेले बुंधे तोवर कुंपण धरून ठेवतात. मग दर १८ इंचांवर मेखा ठोकायच्या आणि वरून हेझल या झुडपाचे लांब लवचीक फोक वेणीसारखे पिळून घ्यायचे. ही मिडलंडची, म्हणजे मध्य इंग्लंडची पद्धत, बैलाने अंग टेकलं तरी टिकावी अशी. नैऋत्येच्या डेव्हनमध्ये मातीच्या बांधावर घालतात, ते वेगळं.

भाऊजी म्हणायचे हे सगळं हौशी लोकांचं खूळ. अहो, इ.स.पू. ५७ मध्ये रोमन सेनापती सीझर आजच्या बेल्जियमकडच्या नर्व्ही लोकांवर चालून गेला तेव्हा घोडदळ अडवायला कोवळी झाडं कापून वाकवून केलेली त्यांची कुंपणं भिंतीसारखी आडवी आली, पलीकडचं दिसतसुद्धा नव्हतं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. घोडदळ अडतं तिथे गुरांचं काय! एप्रिलमध्ये त्या करंगळीएवढ्या पट्टीवर तगलेल्या बुंध्यांना टोकापर्यंत पालवी आली आणि खुंटांना धुमारे फुटले, तेव्हा मी भाऊजींना मुद्दाम नेऊन ओणवं करून दाखवलं. मेलेलं झाड असं फुटत नाही. ज्याला ते मेलेलं वाटतं त्याने निदान एक वसंत थांबावं, मग बोलावं.

किती दिवस लागतात विचारलंत. मला दिवसाला ४ मीटर व्हायचे, सराईत माणूस २० मीटरपर्यंत करतो. एकदा केली की १५-२० वर्षं बघायला नको, फक्त वरचेवर छाटणी. मोठी भगदाडं असतील तिथे नवी रोपं लावा, मीटरला ५, पण ती वाकवण्याजोगी व्हायला ७-१० वर्षं जातात.

आता हे आधी सांगायला हवं होतं, पहिली २-३ वर्षं आतून तात्पुरती तार लागतेच, नाहीतर मेंढ्या सगळे धुमारे खाऊन टाकतील. आम्हीही मारली होती आणि तेवढ्यापुरतं भाऊजींचं बरोबर होतं, पण ती हेज वाचवायला होती, हेजच्या जागी नव्हती. कडक गोठलेल्या दिवशी काम करू नका, लाकूड ठिसूळ होतं. शेतजमिनीवर १ मार्च ते ३१ ऑगस्ट छाटायला बंदी असते, तेव्हा फेब्रुवारीतच उरका. आणि हेजमध्ये ब्लॅकथॉर्न, हे लांब काट्यांचं झुडूप, असेल तर जाड चामड्याचे हातमोजे घाला, त्याचा काटा सांध्यात मोडला तर सुईने उकरत न बसता डॉक्टरकडे जा, माझं बोट तीन आठवडे सुजलेलं होतं.