‘संगीतला’ की ‘संगीताला’?

प्रश्न असा आला आहे: “लग्नपत्रिकेत ‘मेंदी आणि संगीत’ छापलं होतं. गेले, तर दोन तास नुसता नाच. नाचाला संगीत म्हणणं चुकीचं नाही का?”

चुकीचं नाही. नाचाची संगीतातली जागा फार जुनी आहे, आणि ती लिहून ठेवली गेली आपल्याच देवगिरीत. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव होते. घराणं मूळचं काश्मीरचं, काम राज्याच्या हिशेब-दप्तराचं. त्यांनी ‘संगीतरत्नाकरा’त सांगितलं, ‘गीतं वाद्यं तथा नृत्तं त्रयं संगीतमुच्यते’. गाणं, वाजवणं आणि नाचणं, तिन्ही मिळून संगीत. ग्रंथाचे अध्याय 7, त्यातला शेवटचा अख्खा नर्तनाचा. आजही संगीत नाटक अकादमीच्या नावात ‘नृत्य’ नाही, तरी नृत्याचे पुरस्कार तीच देते.

आणि हे काही आपल्यापुरतंच नाही. स्वाहिलीत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, नाचही तोच, आणि ढोल वाजतो-नाच होतो तो सोहळाही न्गोमाच. ‘म्यूझिक’ ज्या ग्रीक ‘मूसिके’वरून आला, तो शब्द नऊ म्यूझ देवींच्या कलांचा; त्यांतली तर्प्सिखोरे नाचाची.

मला मात्र या प्रश्नात वेगळीच गंमत दिसते. हल्ली घराघरांत ऐकू येतं, “संगीतला काय घालणार आहेस?” शास्त्रीय गाण्याबद्दल बोलताना तीच मुलगी ‘संगीताला’ म्हणेल, ‘संगीताची आवड’ म्हणेल. ‘संगीतची आवड’ कुणीच म्हणत नाही. म्हणजे समारंभाचं ‘संगीत’ हा तिच्या कानाला निराळा शब्द आहे. तो उत्तरेकडच्या लग्नांतून आला, म्हणून ‘ऑफिसला’, ‘कॉलेजला’ यांच्यासारखा सामान्यरूप न घेता वावरतो. आपलीच ‘हळद’ बघा, मुकाट ‘हळदीला’ होते. एकच तत्सम शब्द, एकदा घरचा म्हणून चालतो आणि एकदा पाहुणा म्हणून! अशी जोडी मराठीत नावांतही सापडते: मुलगा असेल तर ‘आनंदला’, भावना असेल तर ‘आनंदाला’. त्यामुळे ‘संगीतला’ म्हणणाऱ्यांना मी टोकणार नाही. लिहिताना मात्र ‘संगीताला’ लिहावं.

तुमची खंत खरी आहे, फक्त बोट चुकीच्या जागी आहे. शार्ङ्गदेव पुढे म्हणतात की नृत्त वाद्याच्या मागून चालतं, वाद्य गीताच्या मागून, म्हणून गीत मुख्य. तुम्ही गेलात तिथे नाच होता, स्पीकरवर वाद्यंही होती, पण गाणारं कुणी नव्हतं. आपल्या लग्नात तो गळा घाणा भरताना असतो: हळकुंडं उखळात, दोन मुसळं एकत्र बांधलेली, आणि ठोक्यावर ठोका पडत असताना बायकांनी धरलेली ओवी. ते पत्रिकेत ‘संगीत’ म्हणून कुणी छापत नाही. माझ्या मते पहिला मान त्याचा.