दरोडा म्हणजे मोठी चोरी का?

प्रश्न असा आहे : एका बातमीचा मथळा ‘सराफाच्या दुकानावर दरोडा, दोघे पसार’. दुसरीत चौघांनी व्यापाऱ्याला वाटेत अडवून भलीमोठी रोकड लुटली, पण तिथे म्हटलंय ‘जबरी चोरीचा गुन्हा दाखल’. मग दरोडा नक्की कशाला म्हणायचं?

रकमेचा इथे काही संबंध नाही. डोकी मोजायची! पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली की तो दरोडा. १८६०च्या दंडविधानात (भादंवि) हे कलम ३९१ होतं, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते ३१० झालं. पाचाचा आकडा तोच राहिला. आत शिरलेलेच धरतात असंही नाही. बाहेर हजर राहून मदत करणाराही त्या पाचात येतो. त्यामुळे ‘दोघांचा दरोडा’ हा मथळा, बाहेर आणखी तिघे नसतील तर, चूकच. चौघांनी कोटभर नेले तरी जबरी चोरी, आणि पाचांच्या हाती फुटकी कवडी लागली नाही तरी दरोडा, कारण नुसता प्रयत्नही त्यात धरला आहे. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ ही बातमी तुम्ही नेहमी वाचत असाल. ती तयारी हासुद्धा स्वतंत्र गुन्हा आहे.

‘जबरी’चा अर्थ सरळ आहे. चोरी करताना मारहाण केली, अडवून धरलं किंवा तिथल्या तिथे जिवाची भीती घातली, की चोरीची जबरी चोरी होते. माल घेऊन पळताना, तो नेता यावा म्हणून चोराने मालकाला ढकलून पाडलं तरीही. घरफोडीचं तर चोरीवाचून अडत नाही : चोरीच्या इराद्याने कुलूप तोडून आत शिरला आणि रिकाम्या हाताने परतला, तरी घर फोडलंच.

खरी गंमत सोनसाखळीची. मोटारसायकलवरून येऊन मंगळसूत्र हिसकावलं, तर ती साधी चोरी की जबरी? बाईंच्या मानेला इजा झाली का, त्या पडल्या का, यावर ठरायचं. म्हणजे फिर्यादीतल्या एका ओळीवर! नव्या संहितेने ‘हिसकावणे’ हा वेगळा गुन्हाच केला, कलम ३०४. हे करायलाच हवं होतं.

एवढा काथ्याकूट कशाला, असं वाटेल. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल याच शब्दांच्या रकान्यांत भरलेला असतो, आणि एका प्रकरणात अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतात. जबरी चोरीत खून झाला, तर प्रकरण खुनाच्या रकान्यात. जबरी चोऱ्यांचा आकडा जागचा हलत नाही. ‘गुन्हे वाढले’ म्हणजे मुळात नोंदी वाढल्या.

आणि काही गोष्टी रकान्यापर्यंत पोचतच नाहीत. गर्दीच्या बसमध्ये खिशातून मोबाइल गेला की चौकीत विचारतात, ‘चोरताना पाहिलंत का?’ नाही म्हटलं की कागदावर येतं ‘गहाळ’. नव्या सिमकार्डाला तो कागद बऱ्याचदा पुरतो, म्हणून आपणही मुकाट्याने सही करतो. पण गहाळ हा गुन्हाच नव्हे. तेव्हा मोबाइल चोरीला गेला असेल, तर अर्जात ‘चोरीस गेला’ असंच लिहा आणि प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते.