वाचनगटासाठी कोणती कादंबरी?

प्रश्न : सोसायटीतल्या आम्ही काही जणी दर महिन्याला एक पुस्तक वाचून भेटतो. अलीकडची, भरपूर बोलता येईल अशी मराठी कादंबरी सुचवाल का?

उत्तर : ताई, कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ घ्याच. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिलाच मिळाला. धरणामुळे गाव सोडावं लागलेला देवाप्पा मागे राहिलेली म्हैस आणायला परततो, तर ती पार रानटी झालेली. त्या दोघांची झटापट वाचताना माझ्या अंगावर काटा आला. बोली कोल्हापूरकडची, सुरुवातीची पानं जड वाटली तर एकीनं मोठ्यानं वाचावीत, कान लवकर सरावतो. चर्चा म्हशीपासूनच सुरू करा : तिला परत न्यायचा हक्क देवाप्पाला उरलाय का? दोन तट पडतील, पडू द्या.