बाहेर माल विकून गरीब देश वर येतात का?

तुम्ही विचारलंय की गरीब देशांनी परदेशात माल विकला तर त्यांचा विकास होतो, की मलई श्रीमंत देशच खातात. मी उरणचा, न्हावाशेवा बंदरावर कस्टम्स क्लिअरिंगचं, म्हणजे मालाचे कागद कस्टम्सकडून मंजूर करून घेण्याचं काम करतो, रोज शिपिंग बिलं (एक्सपोर्टच्या मालाचे कस्टम्सचे कागद) हातात असतात, त्यावरून सांगतो. विकास होतो, पण तुम्ही काय विकताय आणि त्यातलं किती काम तुमच्या देशात होतंय त्यावर सगळं आहे.

बांगलादेश घ्या. सुरुवातीला त्यांच्याकडे विकायला मुख्य म्हणजे ताग. १९७९ च्या सुमारास तिथल्या देश नावाच्या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीबरोबर करार करून १३० जण तिथल्या बुसान शहरात शिवणकाम शिकायला पाठवले, ते शिकून आले आणि पुढे त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःच्याच फॅक्टऱ्या काढल्या. त्यात सरकारने बॉन्डेड वेअरहाऊस दिलं, म्हणजे एक्सपोर्टचे कपडे शिवायला बाहेरून आणलेल्या कापडावर ड्युटी (आयात कर) नाही, आणि परदेशी गिऱ्हाईकाच्या एलसीवरच (बँकेने दिलेली पैशांची हमी) बँक कापडासाठी दुसरी एलसी उघडून देते, त्यामुळे खिशात मोठं भांडवल नसलेला माणूसपण धंद्यात उतरू शकला. आज त्यांच्या एक्सपोर्टमध्ये ८० टक्क्यांच्या वर कपडे आहेत आणि लाखो बायकांच्या हातात पहिल्यांदा पगार आला. पण २०१३ ला राणा प्लाझा ही कपड्यांच्या फॅक्टऱ्यांची इमारत कोसळून ११०० च्या वर माणसं गेली तीही याच धंद्यात, ते विसरून नाही चालणार.

आता आफ्रिकेतले घाना आणि आयव्हरी कोस्ट. जगातला साधारण निम्मा कोको, म्हणजे चॉकलेटचं बी, हे दोघंच पिकवतात, पण भाव ठरतो लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात आणि चॉकलेट बनतं ते जास्त करून युरोप-अमेरिकेत. बी विकणाऱ्याला बियाचेच पैसे मिळतात, सरळ आहे.

आपल्याकडचं सांगायचं तर नाशिकची द्राक्षं. फेब्रुवारी-मार्चला यार्डात रीफर, म्हणजे फ्रिजसारख्या थंड कंटेनरची रांग लागते, प्लग लावलेले, टेम्परेचर शून्याच्या आसपास, आत पेटीत घडांवर बुरशी लागू नये म्हणून सल्फर पॅड. २०१० ला युरोपने क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशावरून आपली द्राक्षं अडवली, तेव्हा कित्येक बागायतदार कर्जात गेले. त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली, बाग रजिस्टर, लॅबचा रिपोर्ट, फायटो सर्टिफिकेट (कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला), एक कागद कमी असला तरी पेटी हलत नाही. कटकट आहे, पण माझ्या मते शेतकऱ्याने खरी कमाई केली ती हीच, कारण हे शिकलेलं कोणी परत नेऊ शकत नाही. ज्या देशाकडे लॅब नाही, कोल्ड स्टोरेज नाही, बंदरापर्यंत धड रस्ता नाही, त्याला नुसती ड्युटी माफ करून काय उपयोग?

आणि देश वर आला म्हणजे सगळेच वर आले असं धरू नका. नवी मुंबई उभी राहताना जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे आमची गावं उतरली, जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जागा परत द्यायचं कबूल झालं. १९८९ ला बंदर सुरू झालं. माझे काका त्या आंदोलनात होते. आमची भातशेती गेली, मला बंदरामुळे नोकरी मिळाली, पण माझ्याच आळीतली चार पोरं अजून कंत्राटी लॅशिंगच्या, म्हणजे जहाजावर कंटेनर बांधायच्या कामावर जातात, कंत्राट बदललं की घरी बसतात.